खोकल्याने हार्ट अटॅक थांबतो का?
‘एकटे असताना छातीत कळ आली तर जोरजोरात खोका, हृदय चालू राहतं.’ आमच्या बीडकडच्या भावकीच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतच असतो. पाठवणाऱ्याच्या मनात काळजीच असते.

पण हृदय बंद पडलं की काही सेकंदांत शुद्ध हरपते. मग खोकणार कोण? अन् खोकता येतंय म्हणजे हृदय चालूच आहे. अटॅकमध्ये तुंबलेली असते रक्तवाहिनी, ती खोकून मोकळी होत नाही. अँजिओग्राफीच्या टेबलावर, मॉनिटरवर ठोका बिघडलेला दिसला तर डॉक्टर शुद्धीतल्या पेशंटला कधीकधी खोकायला सांगतात, तेही घटकाभरच.

खात्री करायची तर एसीएलएस (हृदय बंद पडल्यावरच्या तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण) शिकलेल्या सिस्टरांना विचारा. तिथं शुद्ध आणि श्वास गेलेल्याची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटीमीटर दाबायला शिकवतात. शेतात कळ आली तर गाडीला किक मारू नका. बांधावर बसा, १०८ लावा.