लांग्सडोर्फ, हान्स
(२० मार्च १८९४ – २० डिसेंबर १९३९). जर्मन नौदल अधिकारी. ‘आडमिराल ग्राफ श्पे’ या युद्धनौकेचे शेवटचे कप्तान. जन्म बाल्टिक समुद्रातल्या र्‍यूगेन बेटावरचा. कुटुंब ड्युसेलडॉर्फला आल्यावर त्यांना नौदलातल्या श्पे घराण्याचा शेजार लाभला. त्या ओढीने, घरच्यांचा विरोध असतानाही, १९१२ मध्ये ते नौदलात शिरले. पहिल्या महायुद्धात युटलंडच्या लढाईत (१९१६) ते ‘ग्रोसर कुर्फ्युर्स्ट’ या युद्धनौकेवर होते. नंतर सुरुंग काढणाऱ्या नौकांवर गेले. युद्धानंतर मुख्यतः बर्लिनमधले कार्यालयीन काम आणि मधून टॉर्पेडो नौकांचे नेतृत्व.

१९३८ मध्ये मिळालेली ‘श्पे’ नावाने शेजाऱ्यांचीच होती. अ‍ॅडमिरल श्पे १९१४ मध्ये फॉकलंडच्या लढाईत बुडाले होते. नौकेवर २८ सेंमी.च्या सहा तोफा दोन बुरुजांत होत्या. खरे बळ मात्र डिझेल इंजिनांत. त्यांच्यामुळे इंधन थोडे लागे आणि ‘आल्टमार्क’ या तेलवाहू जहाजाच्या साथीने महिनोन्‌महिने समुद्रात राहता येई. ३० सप्टेंबर ते ७ डिसेंबर १९३९ या काळात लांग्सडोर्फ यांनी दक्षिण अटलांटिक व हिंदी महासागरात ९ व्यापारी जहाजे, एकूण ५०,०८९ टनांची, बुडवली. त्यांतला एकही खलाशी दगावला नाही. आधी माणसे उतरवायची, मग जहाज बुडवायचे, ही शिस्त त्यांनी शेवटपर्यंत पाळली.

युद्धनौकांशी झुंज टाळावी, असा वरून आदेश होता. १३ डिसेंबरला ला प्लाता नदीच्या मुखाबाहेर डोलकाठ्या दिसल्या, तेव्हा टेहळणीचे विमान इंजिन बिघडून निकामी झाले होते. एक क्रूझर (मोठी, वेगवान युद्धनौका) आणि दोन विनाशिका (तिच्याहून लहान युद्धनौका) असाव्यात, असा अंदाज करून ते पुढे सरसावले. प्रत्यक्षात ‘एक्झेटर’, ‘एजॅक्स’ आणि ‘अकिलीझ’ या तिन्ही ब्रिटिश आरमाराच्या क्रूझरच होत्या. (हीच ‘अकिलीझ’ १९४८ मध्ये भारताकडे आली आणि ‘दिल्ली’ झाली. १९६१ च्या गोवा, दमण, दीव मुक्तीच्या कारवाईत ती दीवसमोर होती. १९७८ मध्ये मुंबईत मोडीत निघाली.) लांग्सडोर्फ यांनी ‘एक्झेटर’ जवळजवळ निकामी केली, पण मारा एका लक्ष्यावर न ठेवता ते तो फिरवत राहिले. ही त्यांची सर्वांत महागडी चूक. ‘श्पे’वर ३६ जण ठार झाले आणि ते स्वतः जखमी झाले.

उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओ बंदराच्या आसऱ्याला जाण्याचे कारण सहसा नाळेवरच्या (नौकेच्या पुढच्या टोकावरच्या) भगदाडात शोधतात. त्याहून घातक नुकसान इंधनशुद्धीच्या यंत्रणेचे होते. टाकीतले तेल आधी वाफेने तापवून त्यातले पाणी आणि गाळ वेगळे काढावे लागत, मगच ते इंजिनाला देता येई. या यंत्रणेचा बाष्पक (वाफ तयार करणारे यंत्र) गोळ्यांनी फुटला आणि शुद्ध तेल जेमतेम दिवसभराचे उरले. गोड्या पाण्याचे यंत्र आणि भटारखानाही गेला होता; मोठ्या तोफांचे गोळे सुमारे एक तृतीयांश शिल्लक होते. तटस्थ उरुग्वेने बंदर सोडायला ७२ तासांची मुदत दिली. एवढ्यात तो बाष्पक दुरुस्त होणे शक्य नव्हते. ‘आर्क रॉयल’ ही विमानवाहू नौका आल्याच्या ब्रिटिश अफवेने निर्णयाला जोर दिला. आली होती फक्त ‘कंबरलंड’ ही क्रूझर.

१७ डिसेंबरच्या संध्याकाळी, खलाशी उतरवून, त्यांनी आपली नौका स्वतःच स्फोटाने बुडवली. हजारावर माणसे अर्जेंटिनातल्या बुइनोस आइरेसला पोहोचून त्यांची सोय लागल्यावर त्यांनी तिथेच आत्महत्या केली. त्यांचे दफन त्याच शहरातल्या चाकारिता दफनभूमीत झाले.