गुडघे दुखतात म्हणून खुर्ची परत आणण्याआधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी. आमच्या खुर्च्यांच्या दुकानात एकाच गोष्टीचे फोन येऊन येऊन कंटाळा आला म्हणून शेवटी हे छापून घेतलं. फोन असा असतो, "मालक, खुर्ची घेऊन चार महिने झाले नाहीत अन् गुडघे लई दुखूलालेत, बदलून द्या." मग आमचा पोरगा गाडी काढतो, कधी औशाला, कधी अहमदपूरला, एकदा तर पार उदगीरला गेला. तिथं जाऊन तो खुर्ची बघतच नाही, आधी टेबलाखाली वाकतो. पाय लटकलेले असतात. आता यात खुर्चीनं काय करावं सांगा.

कसं होतं बघा. आपल्याकडं सुतार टेबल करतो ते अडीच फुटाचं, म्हणजे ३० इंच. पाच फूट दोन इंच उंचीच्या माणसाचं जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतचं माप साधारण १६ इंच भरतं. म्हणजे पाय नीट टेकवून बसायचं तर खुर्ची १६ इंचावर पाहिजे, पण तेवढ्यावर बसलं की कीबोर्ड छातीशी येतो अन् खांदे वर चढतात. मग माणूस काय करतो, दांडी ओढून खुर्ची फुल वर घेतो, २० इंचाला. हात बरोबर आले, पाय मात्र चार इंच हवेत. हवेत पाय किती वेळ राहणार? दहा मिनिटांत ते आपोआप मागं जातात अन् खुर्चीच्या खालच्या पाच पायांवर जाऊन बसतात. खरं वाटत नसेल तर आत्ता वाकून स्वतःच्या खुर्चीच्या खाली बघा, दोन पायांवरचा रंग टाचेनं घासून गेलेला दिसेल. आमच्या पोराला तेवढं दिसलं की तो पुढचं काही विचारतच नाही.

असं पाय मागं दुमडून बसलं की गुडघा काटकोनाच्या पुढं वाकतो, अन् वाटी (गुडघ्यावरचं ते सुटं हाड) मांडीच्या हाडावर दाबून धरल्यासारखी राहते. पाच-दहा मिनिटं काही नाही, पण दुपारच्या जेवणापर्यंत तसंच राहिलं की उठताना पहिली चार पावलं लंगडत पडतात, जिना उतरताना वाटीच्या मागं कळ येते. पिच्चर बघून उठताना पण काहींना असंच होतं, तोच हा प्रकार. दुसरं म्हणजे सीटची पुढची कड मांडीखाली रुतते, त्यानं पोटऱ्या जड होतात अन् पायाला मुंग्या येतात.

आता लोक म्हणतात ते "गुडघ्यातलं ग्रीस संपलं" प्रकरण. आम्ही डॉक्टर नाही, पण ग्रीसचं आम्हाला कळतं. गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या त्या गुळगुळीत थराला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सांध्यात जे वंगणासारखं पाणी असतं त्यातूनच तिला खाणं मिळतं अन् ते आत-बाहेर होतं सांधा हलला, दाबला, सुटला तरच. आठ तास एकाच कोनात ठेवलेला गुडघा कुरकुरणारच. त्यात बसून बसून मांडीचा पुढचा स्नायू ढिला पडतो, मागचा आखडतो अन् पोट सुटतं, वजनाचा भार पण शेवटी गुडघ्यावरच येतो. नुसतं बसल्यानं गुडघे झिजतात असं कुणी ठामपणे सांगत असेल तर आम्ही तसं म्हणणार नाही, पण दुखतात हे रोज बघतो.

जुने मुनीम गादीवर मांडी घालून बसायचे, त्यांचे गुडघे कसे चालले, असं मोंढ्यातले (धान्यबाजारातले) लोक विचारतात. अहो, ते एका जागी बसायचेच कुठं. काट्याजवळ जा, हमालाला हाक मारा, पट्टी द्या, चहा सांगा. आता सगळं कॉम्प्युटरवर आलं, सोयाबीनच्या सीझनला तर माणूस सकाळी बसला की दिवेलागणीलाच उठतो. पतसंस्थावाल्यांचं मार्चमध्ये तेच, सेतूवाल्यांचं जूनमध्ये दाखल्यांच्या गर्दीत तेच. अन् लातुरातल्या अभ्यासिकांतली पोरं तर दहा-दहा तास फिक्स खुर्चीवर, अठराव्या वर्षी गुडघा धरून उठतात.

तर करायचं काय. पाय पूर्ण टेकले पाहिजेत, एवढंच. गुडघा काटकोनात किंवा त्याहून जरा उघडा, अन् सीटची कड अन् गुडघ्याची मागची बाजू यांच्यात दोन-तीन बोटं जावीत. खुर्ची टेबलाच्या हिशोबानं वर घेतली असेल तर पायाखाली तेवढ्याच उंचीचं काहीतरी द्या. आमच्याकडं फूटरेस्ट आहे ६५० रुपयाला, मजबूत आहे, पण जबरदस्ती नाही, घरातले जेवायचे दोन पाट एकावर एक ठेवले तरी भागतं. एका आडतीवर पोरानं सांगितलं की तात्पुरत्या जुन्या खतावण्या (हिशोबाच्या वह्या) ठेवा पायाखाली, तर मुनीमकाका उखडले, दिवाळीला जिची पूजा करतो तिला पाय लावू का म्हणे. बरोबरच आहे त्यांचं, चूक आमच्या पोराची. मग दोन विटा आडव्या टाकल्या अन् वर फळी, झाले चार इंच. काका म्हणाले, विटेवर तर पांडुरंगच उभा आहे, आपल्याला काय लाज. ती फळी अजून तिथंच आहे, फूटरेस्ट काही त्यांनी घेतलं नाही.

टेबल स्वतःचं असेल तर सुताराकडून त्याचे पायच कापून घ्या, नाहीतर कीबोर्डसाठी खाली सरकता ट्रे बसवा, तो आम्ही बसवून देतो.

अन् खुर्ची कितीही भारी घ्या, अर्ध्या-पाऊण तासानं उठायचंच. पाणी मोठ्या बाटलीऐवजी लहान तांब्यात ठेवा म्हणजे भरायला उठावं लागतं. बसल्या बसल्या एक पाय सरळ करून पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, मग दुसरा, असं दहा-दहा वेळा. गुडघ्याला सूज असेल, तो मध्येच अडकत असेल किंवा एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागत असेल तर आम्हाला फोन करू नका, सरळ डॉक्टर गाठा.

खुर्ची घेताना आम्ही चप्पल काढायला लावून पायाचं माप घेतो त्याला लोक हसतात, कपडे शिवायला आलोय का म्हणतात. पण पतसंस्थेत, आडतीवर सगळे चपला बाहेर काढून बसतात, तिथंच एक इंचाचा फरक पडतो. बुटकी माणसं मोठी 'साहेब' खुर्ची मागतात तेव्हा आम्ही दोनदा नाही म्हणतो, तिसऱ्यांदा देतो, मग तक्रार आमची नाही. उंची कमी असेल तर आखूड हायड्रोलिक (सीटखालचा वर-खाली होणारा दांडा) टाकून मिळेल. जुन्या खुर्चीचा फोम पुढून बसला असेल तर प्लायची कड मांडीला लागते, त्याला नवीन खुर्ची लागत नाही, फोम बदलून कड गोल करून देतो.

हायड्रोलिक, चाकं यांची एक वर्षाची वॉरंटी आहे अन् त्याला येणंजाणं फुकट. पण पोरगा आला अन् नुसती उंची लावून गेला तर व्हिजिटचे २०० रुपये लागतील, त्यावरून कृपया वाद घालू नका, पेट्रोल त्याला पण विकतच मिळतं. त्यापेक्षा आधी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा. फोटो बाजूनं काढायचा, खुर्चीवर बसून, टेबलाखालचे पाय दिसतील असा. लोक नुसत्या रिकाम्या खुर्चीचा समोरून काढून पाठवतात, मुलगी दाखवायला काढल्यासारखा, त्यातून आम्हाला काही कळत नाही.