अडसर नेमका कोणाला अडवतो?

जामद्याच्या बंधाऱ्यापासून गिरणेचे डावे आणि उजवे असे दोन कालवे निघतात. अशा कालव्यांच्या कडेने जाणारी पाटाची वाट खान्देशात शेताकडे निघालेला माणूस, दोन बाजूंना दुधाचे कॅन लावलेला सायकलस्वार आणि शाळकरी मुले असे सगळेच वापरतात. जळगावच्या मेहरूण तलावाकाठी सकाळी फिरायला येणाऱ्यांचीही वाट अशीच सामाईक असते. अशा वाटेवर भरधाव मोटारसायकली येऊ लागल्या की तोंडाशी लोखंडी खांब रोवावेत किंवा दोन आडवे दांडे एकाआड एक लावून नागमोडी फट ठेवावी, ही मागणी पुढे येते. मागणी रास्त आहे, पण उपाय करण्यापूर्वी टेप घेऊन मोजमाप करायला हवे.

नेहमीच्या मोटारसायकलीचे हँडल साधारण 70 ते 80 सेंटिमीटर रुंद असते. सायकलीचे हँडल 60 ते 70 सेंटिमीटर, चाकाची खुर्ची जवळपास तेवढीच, तर दिव्यांगांची हाताने चालवायची तीनचाकी आणि कॅन लादलेली सायकल मोटारसायकलीहूनही रुंद भरते. म्हणजे मोटारसायकल अडेल इतकी अरुंद फट ठेवली, तर तीनचाकी आणि दुधवाला तिच्याआधी अडतात. मोटारसायकलवाला मात्र हँडल तिरके करून बहुधा निघून जातो. केवळ रुंदीवरून वाहन ओळखणारा अडसर भूमितीच्या नियमानेच फसतो. म्हणूनच ब्रिटनच्या 2020 सालच्या सायकलमार्ग मार्गदर्शिकेत दोन खांबांमध्ये किमान 1.5 मीटर मोकळी जागा सांगितली आहे. एवढ्या फटीतून मोटारसायकल जाते, हे खरे; मोटारगाडी आणि ट्रॅक्टर मात्र थांबतात. मोटारसायकलीसाठी देखरेख आणि दंड हेच मार्ग उरतात, आणि ते काम खांबावर ढकलू नये असे मला ठामपणे वाटते. आपल्याकडील 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदाही सार्वजनिक जागा सर्वांना वापरता यावी अशी अपेक्षा ठेवतो.

नागमोडी फटीचा दुसरा दोष तोलाशी निगडित आहे. सायकल एका बाजूला कलू लागली की आपण नकळत हँडल त्याच बाजूला वळवतो आणि चाके पुन्हा शरीराच्या भाराखाली आणतो. वेग निम्मा झाला, तर तेवढाच तोल सावरायला चौपट तीव्र वळण घ्यावे लागते. त्यामुळे हळू चालणारी सायकल अधिक डुलते आणि तिला अधिक रुंदी लागते. नागमोडी अडसर नेमका उलटा व्यवहार करतो: वेग काढून घेतो आणि जागाही. पाठीमागे धान्याचे पोते बांधलेल्या वृद्ध शेतकऱ्याला तिथे उतरावेच लागते, आणि भरलेली सायकल उतरून ढकलणे हे चालवण्याहून कठीण असते.

उघड्या वाटेवर मधोमध रोवलेला एकटा खांबही निरुपद्रवी नसतो. ताशी 20 किलोमीटर वेगाने येणारा सायकलस्वार सेकंदाला साडेपाच मीटर पुढे जातो. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला तर आठ मीटर तिथेच सरतात, आणि सायकल थांबेपर्यंत कोरड्या डांबरावर आणखी पाचेक मीटर लागतात. मुरमाड वाटेवर त्याहून बरेच जास्त. पहाटेच्या अंधारात राखाडी खांब एवढ्या अंतरावरून दिसत नाही, आणि घोळक्याने जाणाऱ्या मुलांमध्ये पुढच्याच्या पाठीआड तो पूर्ण झाकला जातो. सायकलींच्या देशात, नेदरलँड्समध्ये, अनावश्यक खांब काढून टाकण्यावर आणि जे ठेवावेच लागतील त्यांच्या अलीकडे वाटेवर पांढरा पट्टा ओढण्यावर भर दिला जातो, तो याच कारणाने. परावर्तक पट्टी गुंडाळलेला खांब तर आपल्याकडेही सहज करता येतो. कालव्याच्या दुरुस्तीसाठी यंत्र आत न्यावे लागत असेल, तर खांब कुलूप काढून उचलता येणारा असावा.

कठडा मात्र जिथे हवा तिथे दिसत नाही. पाटावरच्या मोरीवर गुडघ्याएवढी भिंत बांधून काम पुरे झाले असे समजले जाते. सायकलवर बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे एक मीटर उंच असतो. कठडा त्याहून ठेंगणा असला की धडकलेला स्वार त्यावर आपटून अडण्याऐवजी पलीकडे पाण्यात उलटतो. त्यासाठी कठड्याची उंची 1.2 ते 1.4 मीटर लागते, आणि त्याची टोके वाटेपासून बाहेरच्या बाजूला वळवलेली असावी लागतात, म्हणजे हँडल किंवा कॅनची कडी त्यात अडकत नाही.