एग-मॉर्त : तट, मीठ आणि १८९३ चा ऑगस्ट

दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिम कडेला, खारी तळी आणि दलदल यांच्या मधोमध एग-मॉर्त हे साधारण साडेआठ हजार वस्तीचे शहर आहे. जवळच्या नीम शहराहून एका दिवसासाठी येणारा प्रवासी शहराभोवतीच्या तटबंदीवरून फेरी मारतो, कॉन्स्टन्स बुरुजाच्या गच्चीवरून गुलाबी पाण्याची मिठागरे पाहतो आणि संध्याकाळी परततो. त्याच्या हाती पडणाऱ्या माहितीचा सारा भर तेराव्या शतकावर असतो. तो इतिहास खोटा नाही, मात्र शहर जगले ते मिठावर, आणि त्या मिठामागच्या श्रमाचा, १८९३ च्या ऑगस्टमध्ये इथे झालेल्या इटालियन मजुरांच्या हत्याकांडासह, इतिहास समजून घेतल्याशिवाय इथली भेट अपुरी राहते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आरंभ थोडक्यात सांगता येतो. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्सच्या राजाला भूमध्य समुद्रावर स्वतःचे म्हणावे असे सोयीचे बंदर नव्हते. मार्सेय प्रोव्हान्समध्ये होते आणि प्रोव्हान्स राज्याबाहेर होते. माँपेलियेवर आरागॉनच्या राजाची सत्ता होती. मुस्लिम सत्तांविरुद्धच्या ख्रिस्ती धर्मयुद्धासाठी जहाजे आपल्याच भूमीवरून सोडता यावीत म्हणून राजाने जवळच्या मठाची ही ओसाड, खारी जमीन अदलाबदलीने मिळवली आणि लोकांनी इथे येऊन राहावे यासाठी १२४६ मध्ये रहिवाशांना सवलतींची सनद दिली. १२४८ मध्ये इजिप्तकडे आणि १२७० मध्ये ट्यूनिसकडे मोहिमा इथूनच निघाल्या. दुसऱ्या मोहिमेतून राजा जिवंत परतला नाही. सुमारे १,६०० मीटर लांबीचा तट त्याच्या मुलाच्या आणि नातवाच्या काळात पुरा झाला. त्या वेळी समुद्राच्या लाटा तटावर आपटत होत्या ही समजूत अजूनही आढळते, ती चुकीची आहे. शहर आणि समुद्र यांच्यामध्ये तेव्हाही तळी होतीच. जहाजांची ये-जा तळ्यांतून आणि कालव्यांतून चाले आणि नदीचा गाळ ते मार्ग सतत बुजवत राही. १४८१ मध्ये प्रोव्हान्स फ्रान्सच्या राज्यात आले, मार्सेयचे खोल बंदर हाती लागले आणि या उथळ पाण्याशी झगडत राहण्याचे फारसे कारण उरले नाही.

बंदर मागे पडले तरी बुरूज राहिला. १६८५ मध्ये प्रोटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेण्यात आल्यानंतर त्याचा उपयोग तुरुंग म्हणून होऊ लागला आणि पुढे तिथे मुख्यतः स्त्रियांना ठेवले जाऊ लागले. १७३० मध्ये आत गेलेली एक तरुणी ३८ वर्षांनी, १७६८ मध्ये सुटली. वरच्या दालनातल्या दगडावर प्रतिकाराचे आवाहन करणारा एक शब्द कोरलेला आहे. तो तिनेच कोरला असे परंपरा सांगते. त्याला निर्णायक पुरावा नाही, पण तिचा बंदिवास आणि त्यातली चिकाटी यांविषयी शंका घेण्यास जागा नाही.

मीठ या सगळ्याच्या आधीपासून होते. राजसत्तेसाठी ते कराचे मोठे साधन होते. क्रांतीच्या काळात, १७९० मध्ये हा कर रद्द झाला आणि १८०६ मध्ये पुन्हा लागू झाला. आधुनिक मिठागराची कथा मात्र १८५६ पासून सुरू होते. त्या वर्षी स्थापन झालेल्या एका कंपनीच्या हाती या किनाऱ्यावरचा मिठाचा व्यवसाय हळूहळू एकवटला. पुढे लोहमार्ग आला आणि माल देशभर जाऊ लागला. याच सुमारास फायलॉक्सेरा या किडीने फ्रान्समधले द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. ही कीड निव्वळ वाळूत टिकत नाही, हे लक्षात येताच कंपनीने किनाऱ्यालगतच्या वाळूत वेली लावल्या. आजही या भागात वाळूतल्या द्राक्षांची वाइन होते, तिचे मूळ त्या संकटात आहे.

मिठागराचे गणित ऋतूशी बांधलेले असते. वसंतापासून समुद्राचे पाणी एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात फिरवत नेतात. ऊन आणि कोरडा वारा यांनी ते घट्ट होत जाते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस तळाशी मिठाचा थर बसतो. शरदातल्या पावसाने तो विरघळण्याच्या आत सगळे मीठ उचलावे लागते. म्हणून ऑगस्टमध्ये काही आठवड्यांपुरते शेकडो मजूर एकदम लागत. थर फोडून मीठ गोळा करणे हे एक काम. ते हातगाडीत भरून, फळ्यांच्या चढावरून ढकलत राशीवर नेऊन ओतणे हे दुसरे आणि अधिक जिकिरीचे. भर उन्हात, खाऱ्या पाण्याने चिरा पडलेल्या हातापायांनी करायच्या या कामाची मजुरी बव्हंशी उचललेल्या मिठाच्या मापावर ठरे.

मजूर तीन प्रकारचे असत. आर्देशच्या डोंगराळ भागातून हंगामासाठी उतरणारे शेतकरी, पिएमाँते, लिगुरिया आणि तोस्काना इथून येणारे इटालियन, आणि मंदीमुळे गावोगाव काम शोधत फिरणारे बेघर फ्रेंच. १८९३ मध्ये मंदी तीव्र होती. कंपनीने फ्रेंच आणि इटालियन मजुरांच्या मिश्र टोळ्या केल्या. मापावर मजुरी असल्याने एकाच्या संथपणाचा फटका सगळ्या टोळीला बसत होता आणि कामाला सरावलेल्या इटालियनांच्या गतीशी नवख्या फ्रेंचांना जुळवून घेता येत नव्हते. बाहेरचे वातावरणही तापलेले होते. १८८१ मध्ये फ्रान्सने ट्यूनिसिया घेतल्यापासून आणि १८८२ मध्ये इटली जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गटात सामील झाल्यापासून दोन्ही देशांत वैर वाढत होते. ८ ऑगस्ट १८९३ रोजी फ्रान्समध्ये परदेशी कामगारांच्या नोंदणीचा आणि 'राष्ट्रीय श्रमाच्या संरक्षणाचा' कायदा झाला होता, आणि २० ऑगस्टला संसदेच्या निवडणुकीचे मतदान होते.

१६ ऑगस्टच्या सकाळी मिठागरावर पिण्याच्या पाण्यावरून भांडण झाले, असे सांगितले जाते. त्याची मारामारी झाली, काही फ्रेंच जखमी झाले आणि इटालियनांनी गावातली माणसे मारली अशी अफवा शहरात पोहोचली. कोणी मेले नव्हते. तरीही जमाव उठला. शहरात सापडलेल्या इटालियनांना एका बेकरीत आसरा घ्यावा लागला. दुसऱ्या दिवशी, १७ ऑगस्टला, उरलेल्या इटालियनांना थोड्याशा सशस्त्र पोलिसांच्या संरक्षणात मिठागरावरून शहराकडे आणले जात असताना लाठ्या, दगड आणि बंदुका घेतलेल्या जमावाने त्यांच्यावर वारंवार हल्ले केले आणि तटाच्या परिसरात माणसे ठेचून मारली. सैन्य पोहोचले ते संध्याकाळी, सारे घडून गेल्यावर.

या दोन दिवसांतला सर्वांत वादग्रस्त निर्णय म्हणजे नगराध्यक्षाची जाहीर सूचना. कंपनीने इटालियनांना कामावरून दूर केले आहे आणि उद्यापासून फ्रेंच मजुरांना काम खुले होईल, अशा आशयाचा तो मजकूर होता. दंग्याचे कारणच उरलेले नाही, म्हणून शांत राहावे, असे आवाहन त्यात होते. या निर्णयाचे समर्थन करता येते. पोलीस मोजके होते, सैन्य नीममधून यायचे होते आणि जमावाला थोपवण्याचा दुसरा मार्ग त्या क्षणी दिसत नव्हता. पण परिणामांकडे पाहिले की हे समर्थन तोकडे पडते. ज्यांच्यावर आदल्या दिवशी हल्ला झाला त्यांचीच मजुरी काढून घेतल्याचे नगरपालिकेच्या अधिकाराने भिंतीवर लावले गेले, आणि हिंसेने मागितलेले मिळते हे जमावाला लेखी कळवले गेले. इटालियनांच्या जिवाला अभय आहे, त्यांना हात लावणाऱ्याला शिक्षा होईल, हे वाक्य जिथे सर्वांत आधी यायला हवे होते तिथे मजुरीचा हिशेब आला. मृत्यू या सूचनेनंतर घडले. पुढे नगराध्यक्षाला पद सोडावे लागले, पण सूचनेची जबाबदारी त्याच्या एकट्यावर टाकणेही न्याय्य नाही. मिश्र टोळ्या त्याने केल्या नव्हत्या, आणि इटालियनांना काढण्याचा निर्णय कंपनीच्या नावाने जाहीर झाला होता.

मृतांच्या आकड्यावरही वाद झाला. अधिकृत नोंद आठ मृतांची आहे. जखमींपैकी काही नंतर दगावले असावेत, म्हणून अभ्यासक हा आकडा किंचित वाढवतात. त्या वेळी काही वृत्तपत्रांनी मात्र कित्येक पटींनी मोठे आकडे छापले. अतिशयोक्त आकड्यांनी मृतांचा सन्मान होत नाही, आणि अधिकृत आकडा लहान आहे म्हणून अपराध लहान ठरत नाही. इटलीत तीव्र पडसाद उमटले. रोममध्ये फ्रेंच दूतावासासमोर दंगल झाली आणि नेपल्समध्येही अशांतता पसरली. खटला स्थानिक दबावापासून दूर, आंगुलेम इथे चालला आणि डिसेंबर १८९३ च्या अखेरीस ज्यूरीने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. युद्ध टळले. दोन्ही सरकारांनी नुकसानभरपाईची देवाणघेवाण करून प्रकरण मिटवले, पण कोणालाही शिक्षा झाली नाही.

त्यानंतरचे मौन दीर्घ होते. चौकात धर्मयुद्धाच्या राजाचा पुतळा १८४९ पासून उभा आहे. इटालियन मजुरांचा स्मृतिफलक शहरात लागण्यासाठी एकविसावे शतक उजाडावे लागले. या हत्याकांडावर गंभीर संशोधन झाले आहे, ही समाधानाची बाब आहे, परंतु शहर पाहायला येणाऱ्यांपर्यंत ते फारसे पोहोचलेले नाही.

पर्यटनाची वाढ ही अलीकडची गोष्ट आहे. १९६३ मध्ये सरकारने या डासांनी भरलेल्या किनाऱ्यावर सुट्टीची नवी शहरे वसवण्याची योजना हाती घेतली. शेजारची ला ग्रांद-मॉत आणि पोर-कामार्ग ही त्यातूनच उभी राहिली. एग-मॉर्तमध्ये मात्र तट आणि मिठागरे यांमुळे मूळ रचना टिकून राहिली. पाण्याचा गुलाबी रंग दुनालिएला नावाच्या सूक्ष्म शैवालामुळे येतो आणि क्षारता वाढत जाते तसा तो उन्हाळ्यात गडद होतो. मिठाची काढणी पाहायची असेल तर ऑगस्टची अखेर ते सप्टेंबर हा काळ निवडावा. विसाव्या शतकात हे काम यंत्रांकडे गेले, त्यामुळे हातगाड्यांच्या रांगा आता दिसत नाहीत. मीठ काढण्याचा हंगाम आणि ते जिथून निघते ती जमीन मात्र तीच आहे.