व्हर्च्युअल पियानो सोलोमध्ये उघडा का पडायचा

बँडच्या गदारोळात कीबोर्डातला किंवा संगणकातला कुठलाही पियानो साउंड खपून जातो, पण एकटा वाजवला की लगेच कळतं हे खोटंय. यामागचं जुनं दुखणं म्हणजे मेमरी, कारण खऱ्या पियानोचे रेकॉर्ड केलेले स्वर, म्हणजे सॅम्पल, साठवायला जागा लागते. पेटीचा स्वर भात्यात हवा आहे तोवर टिकतो, पियानोचा मात्र हातोडी पडल्यापासूनच विरायला लागतो आणि खर्जातली तार तर वीसेक सेकंद सहज घुमते. आता हिशोब करा, सीडी क्वालिटीचं एक मिनिट स्टीरिओ म्हणजे साधारण १० एमबी, ८८ पट्ट्या, प्रत्येकी नुसते १० सेकंद, तेही एकाच जोराने वाजवलेले, तरी दीडशे एमबी झाले की! १९८४ मध्ये कुर्झवाइल के२५० हा सॅम्पल वाजवणारा कीबोर्ड आला तेव्हा कीबोर्डात एवढं बसणं शक्यच नव्हतं. मग त्या काळात काही पट्ट्यांमागे एक स्वर रेकॉर्ड करायचे, शेजारचे त्यालाच ताणून-आवळून काढायचे आणि स्वराच्या शेपटीचा तुकडा लूप करत, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवत ठेवायचे. सोलोत तोच लूप कानाला टोचायचा.

१९९८ च्या सुमारास गिगासॅम्पलर या संगणकावरच्या सॉफ्टवेअरने मस्त युक्ती काढली, स्वराची सुरुवात तेवढी रॅममध्ये आणि उरलेला वाजता वाजता हार्ड डिस्कवरून ओढायचा. लूपची गरज संपली, हळू-जोरात वाजवल्याचे वेगळे थर ठेवता येऊ लागले, आज फुकट मिळणारा सॅलामँडर हा सॅम्पल-संचसुद्धा यामाहा सी५ या ग्रँड पियानोचे १६ थर देतो.

पेडलचं मात्र अवघड होतं. पेडल दाबलं की न वाजवलेल्या तारासुद्धा सतारीच्या तरफांसारख्या झंकारतात, आणि एकेकटे रेकॉर्ड केलेले स्वर एकमेकांना असं हलवणार कसे? २००६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझच्या मोडार्ट कंपनीने पियानोटेक हा सॉफ्टवेअर पियानो काढला, त्यात सॅम्पलच नाहीत, हातोडी, तार, लाकूड सगळं गणिताने काढलेलं. आवाज मला अजून जरा काचेसारखा वाटतो, पण पेडलिंग झकास.

आवाजाऐवजी हाताची हालचाल साठवायची ही आयडिया तर त्याहून कितीतरी जुनी, १९०४ मध्ये जर्मनीत वेल्टे-मिन्यों हे पियानो आपोआप वाजवणारं यंत्र कागदी रोलवर वादकाचा जोर आणि पेडलसकट वादन टिपत होतं. १९८३ च्या मिडीने, म्हणजे वाद्यं आणि संगणक यांना जोडणाऱ्या डिजिटल भाषेने, तेच आकड्यांत आणलं, जोर १ ते १२७. गंमत अशी की कीबोर्ड आणि सॉफ्टवेअर हे आकडे आपापल्या पद्धतीने लावतात, माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये सगळे ६० ते ८५ च्या मध्येच अडकलेले, म्हणजे १६ पैकी मोजकेच थर वाजत होते आणि मी महिनाभर रिव्हर्ब (खोलीचा घुमारा) बदलत बसलो होतो.