ताण डोक्यात असतो की कामाच्या मांडणीत?

कारखान्यांतून हल्ली तणावमुक्तीची शिबिरं होतात. कँटीनमध्ये खुर्च्या मांडायच्या, वक्ता बोलवायचा आणि रात्रपाळी करून आलेल्या मंडळींना डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावायचं. मागच्या फलकावर ‘होलिस्टिक’ असा शब्द असतोच. श्वास घेतल्याने बिघडत काही नाही. पण मानसशास्त्रात ज्याला समग्र विचार म्हणतात, तो एकट्या माणसाच्या आत डोकावून थांबत नाही. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९३६ मध्येच मांडलं होतं की माणूस कसा वागतो हे तो माणूस आणि त्याची परिस्थिती या दोन्हींवर मिळून ठरतं. यातलं एकच धरून हिशेब लागत नाही.

याचा भारतातला सर्वांत बोलका दाखला अहमदाबादचा आहे. १९५३ मध्ये कॅलिको या कापड गिरणीत नवे स्वयंचलित माग बसवले होते, तरी उत्पादन वाढेना. माणसं आणि त्यांचं काम यांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे गेले. एका खात्यात २२४ माग, २९ कामगार आणि कामाचे १२ प्रकार होते. स्वयंचलित मागावर धोट्यातली सुताची कांडी संपली की बॅटरीतून, म्हणजे मागावरच्या कांड्यांच्या साठ्यातून, आपोआप दुसरी येते. पण ती बॅटरी भरायला माणूस लागतो, ताण्याचे (उभे) धागे एकदम तुटले तर ते सांधायला वेगळा माणूस, तेल घालायला आणखी वेगळा. कोणाला किती माग द्यायचे, हे प्रत्येक कामाला लागणारा वेळ मोजून ठरवलं होतं. विणकर आठ, बॅटरी भरणारे पाच, धागे सांधणारे तीन. कागदावर चोख, पण भागाकार करून बघा, एका विणकराच्या वाट्याला बॅटरीवाल्याचे पाच-अष्टमांश आणि सांधणाऱ्याचे तीन-अष्टमांश येतात! माग बंद पडला तर हाक कोणाला मारायची? आणि ज्याला मारायची, तो त्याच वेळी दुसऱ्या विणकराचाही असतो. पैठणला मागावर बसणाऱ्याला यातली गंमत लगेच कळेल, कारण तिथे कांडी भरणारं माणूस बहुतेक घरातलंच असतं.

राइस यांनी सुचवलं की ठरावीक माग एका छोट्या टोळीकडे पूर्ण सोपवावेत. कोणी कोणाबरोबर काम करायचं हे कामगारांनीच आपसांत ठरवलं. सुरुवातीला थोडी ओढाताण झाली, मग गाडी रुळावर आली: कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांच्या आसपास गेली, सदोष कापड ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर उतरलं. माणसं तीच, यंत्रंही तीच.

मात्र हा प्रयोग डोळे झाकून घेऊ नये. त्याच वेळी मजुरीची पद्धतही बदलली होती, त्यामुळे श्रेय टोळीला किती आणि पैशाला किती, असा आक्षेप पुढे घेतला गेला. १९७० च्या सुमाराला पुन्हा पाहणी झाली तेव्हा काही ठिकाणी टोळ्यांची रचना विरून गेलेली दिसली. मला तरी या आक्षेपांनी मूळ मुद्दा पातळ झालेला वाटत नाही. मजुरी हाही मांडणीचाच भाग आहे.

‘टेन्शन साहेबाला, हृदयविकारही साहेबालाच’ ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. ब्रिटनमध्ये १९६७ पासून सुमारे १८ हजार सरकारी पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला, त्यात चित्र उलटं निघालं. हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण तळाच्या श्रेणीत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होतं, आणि सिगारेट, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही हा फरक पुरता मिटेना. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो: नुसतं जास्त काम माणसाला तितकं पोखरत नाही, जितकं जास्त काम आणि त्यावर शून्य ताबा हे दोन्ही एकत्र पोखरतं.

मराठवाड्याला हे सांगायला कारखान्याचीही गरज नाही. दिवाळीच्या मागेपुढे बीड, धाराशिव, जालन्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तोडणं, वाढं (उसाचे शेंडे) काढणं, मोळी बांधणं, गाडी भरणं, सगळं टोळीच करते. पूर्ण काम एका टोळीकडे, या राइस यांच्या कसोटीवर ही टोळी पैकीच्या पैकी गुण मिळवेल. पण उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. ट्रक रात्री दोनला आला तर दोनला उठून भरायचा. आजारपणात एक दिवस बुडाला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जाणार. काम तुकड्यांत वाटलेलं नाही, ताबा मात्र कशावरच नाही.

याची किंमत शरीर मोजतं. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. दवाखान्यात घातलेली कॅन्सरची भीती, फडावर पाण्याची-संडासची सोय नसणं, पाळीच्या दिवसांत खाडा पडण्याचा धाक, अशी अनेक कारणं पुढे आली. आरोग्य खात्याने त्यातलं शस्त्रक्रियेचं पाहायचं, साखर कारखान्याने वाहतुकीचं आणि टोळी आणणाऱ्या मुकादमाने उचलीचं, अशी वाटणी केली की ही बाई कोणाच्याच वहीत पूर्ण सापडत नाही. खाड्याची कपात बंद करणं, ट्रकची वेळ आदल्या दिवशी कळवणं, फडाजवळ संडास उभा करणं, ही माझ्या लेखी मानसिक आरोग्याचीच कामं आहेत.