हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे

हेन्ड्रिक आद्रियान व्हान ऱ्हेडे (१६३६ – १५ डिसेंबर १६९१) : डच ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी, मलबारचा प्रशासक आणि ‘हॉर्टस मलबारिकस’ या वनस्पतिग्रंथाचा कर्ता. जन्म अ‍ॅम्स्टरडॅमचा, सरदार घराण्यातला. विशीतच तो कंपनीच्या नोकरीत पूर्वेकडे आला. डच सेनानी रायक्लोफ व्हान खून्सच्या हाताखाली तो पोर्तुगीजांविरुद्धच्या मलबार मोहिमेत लढला. १६६२ मध्ये मट्टनचेरीच्या चकमकीत कोचीच्या वयोवृद्ध राणीला त्यानेच ताब्यात घेतले. जानेवारी १६६३ मध्ये कोची डचांच्या हाती पडले आणि १६७० ते १६७७ या काळात मलबारचा कारभार त्याने पाहिला. पुढे व्हान खून्सशी त्याचे बिनसले. व्हान खून्सचा सारा ओढा सिलोनकडे होता, तर व्हान ऱ्हेडेला मलबारचे मोल कंपनीला पटवायचे होते.

या खटाटोपातूनच ग्रंथ उभा राहिला. कंपनीच्या दवाखान्यांसाठी युरोपातून औषधे मागवण्यापेक्षा ती इथल्याच रानातून मिळवावीत, हा त्यामागचा व्यवहारी विचार. १६७८ ते १६९३ दरम्यान अ‍ॅम्स्टरडॅमला त्याचे १२ खंड निघाले. त्यांत सुमारे ७४० वनस्पतींची वर्णने आहेत आणि पहिला मान नारळाला आहे. मुखपृष्ठावर नाव व्हान ऱ्हेडेचे असले, तरी औषधी ज्ञान इथल्या वैद्यांचे होते, हे विसरून चालणार नाही. एळवा समाजातले वैद्य इट्टी अच्युतन यांनी आपली पिढीजात माहिती सांगितली. कोचीतले कोंकणी ब्राह्मण रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांनीही हातभार लावला. या तिघांचे १६७५ चे नागरी लिपीतले कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात जसेच्या तसे छापलेले आहे. चित्रांवरही वनस्पतींची नावे नागरीत आढळतात. त्या काळी युरोपातल्या छापखान्यातून नागरी अक्षरे उमटणे ही साधी गोष्ट नव्हती. कोंकणी आणि मराठी वाचकाने ती पाने एकदा तरी पाहावीत.

१६८४ मध्ये कंपनीने त्याला आपल्या वखारींतला भ्रष्टाचार निपटण्यासाठी आयुक्त नेमले. वाटेत तो दक्षिण आफ्रिकेतील केपला थांबला. तिथल्या ड्राकेनस्टाइन वसाहतीचे नाव त्याच्याच ‘ड्राकेनस्टाइन’ या उपाधीवरून पडले. कोचीहून सुरतेला जाताना मुंबईजवळ समुद्रातच त्याला मृत्यू आला. सुरतेच्या डच कबरस्तानात त्याची भव्य कबर आहे.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने मलबारच्या वनस्पतींसाठी याच ग्रंथाचा आधार घेतला. केरळचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००३ मध्ये आणि मल्याळम अनुवाद २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.